मुखी नाम आणि हाती बेड्या

गेल्या आषाढीस वाखरीच्या तळावर रात्रीचे कीर्तन आटोपले, मंडळी पांगली आणि एक म्हातारे वारकरी आमच्याजवळ येऊन बसले. कपाळीचा बुक्का घामाने ओघळलेला, टाचांना भेगा पडलेल्या. म्हणाले, "महाराज, एक विचारू का? आमच्या गावात एक सावकार होता. गळ्यात माळ, एकादशी कधी चुकली नाही त्याची. अन् गरिबाची जमीन गिळायलाही कधी चुकला नाही. मग त्यानं घेतलेलं नाम खोटं, का नामातच काही कमी पडलं?"

आम्ही रिवाजाप्रमाणे उत्तर दिले, "बाबा, नाम कधी कमी पडत नाही, घेणाऱ्याचा भाव कमी पडतो." बाबा "बरं" म्हणाले, पायांवर डोके ठेवले आणि उठले. पण त्या "बरं"मध्ये समाधान नव्हते. खरे सांगायचे तर आमचेही समाधान झाले नव्हते. भाव कमी पडतो म्हणजे नेमके काय होते? ढोंगी माणसाची गोष्ट सोपी आहे, त्याला बाजूला काढता येते. पण जो खऱ्या मनाने, डोळ्यांत पाणी आणून देवाला आळवतो आणि दुसऱ्याच हाताने माणसाचा गळा आवळतो, त्याचे काय?

हा प्रश्न एका गावचा नाही. आफ्रिकेतील माणसांचा जो व्यापार सुमारे चारशे वर्षे चालला, त्याच्या इतिहासात हा प्रश्न उघडा होऊन उभा राहतो. म्हणून आज वाचकांस जरा दूर नेतो. फिरून शेवटी आपण चंद्रभागेच्या वाळवंटातच येणार आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आफ्रिका म्हणजे नुसते अरण्य आणि तेथील माणसे म्हणजे जन्माचे दास, असे कित्येकांस वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. सहारा वाळवंटातील खाणींचे मीठ उंटांवर लादून दक्षिणेस जाई आणि तिकडचे सोने उत्तरेस येई. या व्यापारावर माली नावाचे मोठे राज्य उभे राहिले. टिंबक्टू हे तेथील शहर पुढे विद्येचे पीठ झाले. तेथील हस्तलिखिते आजही जपलेली आहेत. पूर्व किनाऱ्यावर किल्वा, सोफाला ही बंदरे गजबजलेली होती. गुजरातचे कापड आणि मणी तिकडे जात, सोने आणि हस्तिदंत इकडे येई. व्यापार हे पाप नव्हे. आमचे तुकोबाराय वाणीच होते.

माउलींनी आळंदीस समाधी घेतली ती १२९६ साली. त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, १३२४ मध्ये, मालीचा राजा मन्सा मूसा मक्केच्या यात्रेस निघाला. वाटेत कैरो शहरात त्याने इतके सोने वाटले की तेथे सोन्याचा भाव काही वर्षे उतरलेला राहिला. मोठा दानशूर आणि श्रद्धावान राजा! परंतु जुने इतिहासकार सांगतात की, त्याच्या स्वारीपुढे पाचशे गुलाम सोन्याच्या काठ्या घेऊन चालत होते. म्हणजे यात्रा देवाची, पण त्या यात्रेत कोणी धनी आणि कोणी विकत घेतलेला. गोऱ्या माणसाच्या आधीही गुलामगिरी होती, आफ्रिकेतील राजे युद्धात धरलेली माणसे विकत होते, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पाप कोणा एका जातीचे किंवा एका धर्माचे नसते.

मात्र पुढे जे झाले त्याला तोड नाही. १४४४ साली पोर्तुगालमधील लागोस गावी आफ्रिकेतून धरून आणलेली २३५ माणसे एका मैदानात उभी करून वाटून घेण्यात आली. बाप एका वाट्यात, लेक दुसऱ्या वाट्यात, आई तिसऱ्याच. आया मुलांना पोटाशी धरून जमिनीवर पालथ्या पडल्या. राजपुत्र हेन्री घोड्यावर बसून आपला पाचवा हिस्सा घेत होता. हे सारे झुरारा नावाच्या दरबारी बखरकाराने लिहून ठेवले आहे. त्याने असेही लिहिले आहे की, तो आक्रोश ऐकून आपल्याला रडू आले. मग लगेच आपल्या मनाची समजूत घातली, की या लोकांना आता खरा धर्म मिळेल, त्यांचे आत्मे तरतील, तेव्हा झाले ते बरेच झाले.

वाचकहो, येथे थांबून पाहा. अश्रू खोटे नव्हते. देवावरची श्रद्धाही खोटी नव्हती. परंतु त्या श्रद्धेचा उपयोग काय झाला? अश्रू पुसण्यासाठी. मनात जो काटा सलला तो श्रद्धेनेच काढून टाकला. ज्याने पाप थांबायचे त्यानेच पाप सोपे झाले!

पुढे साखर आली. साओ तोमे बेटावर, मग ब्राझीलमध्ये, मग वेस्ट इंडीज बेटांत उसाचे मळे उभे राहिले. ऊस किती राबवतो, हे आमच्या शेतकरी वाचकांस सांगायला नको. त्या मळ्यांना माणसे हवी होती. १४८२ मध्ये पोर्तुगिजांनी गिनीच्या किनाऱ्यावर एल्मिना हा किल्ला बांधला तो सोन्याच्या व्यापारासाठी. पुढे त्याच किल्ल्यात माणसे कोंडली जाऊ लागली. १६३७ मध्ये तो डचांनी जिंकला. त्या वेळी आमचे तुकोबा देहूस कीर्तन करीत होते! १५०१ पासून १८६६ पर्यंत सुमारे सव्वा कोटी माणसे जहाजांत भरली गेली आणि एक कोटी सात लाखांच्या आसपास पलीकडच्या किनाऱ्यावर जिवंत उतरली. बाकीचे अठरा लाख कुठे गेले? समुद्रात.

या व्यापाराची भाषाही ऐकण्यासारखी आहे. पोर्तुगीज व्यापारी वहीत माणूस लिहीत नसे, 'नग' लिही. धडधाकट तरुण म्हणजे एक पुरा नग. म्हातारा, आजारी किंवा पोर म्हणजे नगाचा काही अंश. आणि किंमत कशात मोजायची? कापडात, लोखंडात, दारूत, बंदुकांत आणि कवड्यांत. होय, आपल्या घरी सारीपाटावर असत त्याच कवड्या! मालदीव बेटांवरच्या कवड्या जहाजाला तळाशी वजन म्हणून भरून युरोपात नेत आणि तेथून गिनीच्या किनाऱ्यावर देऊन माणसे घेत. आपण सहज म्हणतो, कवडीमोल. या शब्दाचा शब्दशः अर्थ त्या किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला कळला होता. कापडातही हिंदुस्थानचे सुती कापड पुष्कळ असे. ते विणणाऱ्याला कुठे ठाऊक, आपल्या ठाणाच्या बदल्यात कुणाचा लेक जाणार आहे!

आता ज्या माणसासाठी हा लेख लिहिला त्याच्याकडे वळू. जॉन न्यूटन याचा जन्म लंडनमध्ये १७२५ साली झाला. आई भाविक, पण तो सहा वर्षांचा असताना वारली. पुढे तो खलाशी झाला, बहकला, देवाची टर उडवू लागला. गिनीच्या किनाऱ्यावर एका गुलाम-व्यापाऱ्याकडे चाकरीस राहिला, तेथे आजारी पडला आणि उपाशी मरायची पाळी आली. तेव्हा त्याला अन्न कोणी दिले? साखळीत बांधलेल्या गुलामांनी. आपल्या अर्ध्यामुर्ध्या वाट्यातले चोरून आणून दिले, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. काल्याच्या दिवशी आपण एकमेकांच्या मुखी घास घालतो ना, तसा तो काला होता. घालणाऱ्यांच्या पायांत मात्र बेड्या होत्या.

मार्च १७४८ मध्ये परतताना जहाज भयंकर वादळात सापडले. बुडता बुडता न्यूटनच्या तोंडून देवाचा धावा निघाला आणि जहाज वाचले. तेव्हापासून माणूस पालटला. शिव्या सोडल्या, धर्मग्रंथ हाती घेतला, प्रार्थना नित्याची झाली. वाचकांस वाटेल, आता याने तो धंदा सोडला असेल. नाही! १७५० पासून १७५४ पर्यंत तो गुलामांच्या जहाजांचा कप्तान होता. तीन सफरी केल्या. रविवारी खलाशांना जमवून तो प्रार्थना चालवी. पायांखालच्या फळ्यांच्या आत माणसे साखळीने जखडलेली असत. बंडाचा संशय आला तेव्हा मुलांची बोटे चापात धरून कबुली घेतल्याची नोंद त्याच्याच वहीत आहे. आपण एक प्रकारचे तुरुंगाधिकारी आहोत, हे त्याला आवडत नसे; देवाने दुसरे बरे काम द्यावे, अशी तो प्रार्थनाही करी. पण हे काम पाप आहे, असे मात्र त्याला वाटले नाही. ज्यांचा घास खाऊन जगला त्यांनाच त्याने बांधले आणि रात्री देवाचे आभार मानून झोपला.

१७५४ मध्ये त्याने समुद्र सोडला तो अनुतापाने नव्हे, आजाराने. १७६४ मध्ये तो धर्मोपदेशक झाला. १७७३ च्या नववर्षदिनासाठी त्याने देवाच्या कृपेचे एक भजन रचले. ते आज साऱ्या जगात गायले जाते. आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने पुस्तिका लिहिली ती १७८८ मध्ये. वादळात देव आठवला त्याला तोवर चाळीस वर्षे झाली होती. त्या पुस्तिकेत त्याने स्वतःचे पाप उघड कबूल केले. पार्लमेंटच्या चौकशीत साक्ष दिली. विल्बरफोर्स या तरुण सभासदास धीर दिला. १८०७ च्या मार्चमध्ये इंग्लंडने हा व्यापार बेकायदा ठरवला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूटन वारला.

यावर आमचे काही कीर्तनकार बंधू म्हणतील, "पाहा, नामाचा महिमा! केवढा पापी, पण शेवटी तरला." खरे आहे. पसायदानात माउलींनी दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांचे वाकडेपण जावे एवढेच मागितले. न्यूटनचे वाकडेपण गेले, यात आम्हांस आनंदच आहे. तरी एक प्रश्न उरतोच. नामाला न्यूटनच्या हातापर्यंत पोहोचायला चाळीस वर्षे लागली. ती चाळीस वर्षे कुणाच्या खर्चाने गेली? न्यूटनला वेळ मिळाला. जे जहाजाच्या पोटात होते त्यांना कुठला वेळ? भक्ताचा अनुताप उशिरा आला तर भक्त तरतो. त्या उशिराची किंमत मात्र दुसराच कोणी मोजतो.

कोणी म्हणेल, "अहो, काळच तसा होता. सगळेच करीत होते, त्याला कसे कळावे?" हे उत्तर पुरते नाही. कारण त्याच काळात, इंग्रजी बोलणाऱ्या त्याच धर्मातल्या एका माणसाला ते कळले होते. जॉन वुलमन याचा जन्म १७२० चा, अमेरिकेतल्या न्यू जर्सी प्रांतातला. क्वेकर पंथाचा. धंद्याने शिंपी! आमच्या नामदेवरायांचाच व्यवसाय. तरुणपणी तो एका दुकानात कारकून होता. मालकाने एके दिवशी सांगितले, "त्या हबशी बाईची विक्री झाली आहे, खरेदीखत लिही." घेणारा गृहस्थही पंथातलाच, वयाने वडीलधारा. वुलमनने खत लिहिले, पण मन इतके खटकले की त्या दोघांसमोरच तो बोलून गेला, माणूस बाळगणे आपल्या धर्माला धरून नाही. पुढे दुसऱ्या एकाने तसेच खत लिहायला सांगितले तेव्हा त्याने साफ नकार दिला. मृत्युपत्रे लिहून त्याला चार पैसे मिळत; ज्यात गुलाम वारसाने द्यायचे असत ती लिहायचे त्याने सोडले.

न्यूटनने जहाज सोडले त्याच १७५४ साली वुलमनचे गुलामगिरीविरुद्धचे पुस्तक छापून निघाले. दुकानाचा व्याप वाढू लागला तो त्याने आपण होऊन कमी केला आणि शिवणकामावर निर्वाह ठेवला. गुलाम बाळगणाऱ्याच्या घरी उतरला तर ज्यांनी त्याची सेवा केली त्यांच्या हाती तो मजुरी ठेवी. गुलामांच्या कष्टाची म्हणून साखर सोडली. गुलाम ज्या वाटेने चालतात ती आपणही चालावी म्हणून तो पायी फिरू लागला. घरोघर जाऊन आपल्याच पंथाच्या लोकांजवळ बसे, शिव्याशाप देत नसे, पण विषय सोडत नसे. १७७२ मध्ये इंग्लंडात यॉर्क येथे तो देवीच्या आजाराने वारला, आणि चार वर्षांनी, १७७६ मध्ये, फिलाडेल्फियाच्या क्वेकर सभेने ठरवले की गुलाम बाळगणारा आपल्या पंथात राहू शकणार नाही.

आणि ज्यांना विकले जात होते त्यांना काय कळत नव्हते? काँगोचा राजा अफोन्सो स्वतः ख्रिस्ती झालेला होता. युद्धकैद्यांचा व्यापार तोही करी. तरी १५२६ मध्ये त्याने पोर्तुगालच्या राजास कळवळून लिहिले की तुमचे व्यापारी आमची माणसे, आमच्या नात्यातलीसुद्धा, पळवून नेतात, देश ओस पडत चालला आहे. आम्हांस उपदेशक आणि शिक्षक पाठवा, व्यापारी नकोत. 'काळ तसा होता' हे वाक्य बेडी घालणाऱ्याला सुचते. बेडी घातलेल्याला ते कोणत्याच काळी सुचलेले नाही.

मग न्यूटन आणि वुलमन यांच्यात फरक कोणता? देव तोच, ग्रंथ तोच, प्रार्थना तीच. आम्हांस वाटते, फरक एवढाच की न्यूटनने देवाला प्रार्थनेच्या वेळी बसवले आणि हिशेबाच्या वहीपासून दूर ठेवले. वुलमनने वही उघडून देवापुढे ठेवली. आपल्या तुकोबांनी हेच केले नव्हते काय? लोकांकडच्या येण्याची आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत सोडली, अशी कथा आपण दर वर्षी सांगतो. पुढे अभंग तरले हे आपण गहिवरून सांगतो. आधी खते बुडाली हे घाईने सांगतो.

आता परत वाळवंटात येऊ. हे सारे परदेशचे, आपल्याकडे असे नव्हते, असे म्हणून सुटता येणार नाही. मलिक अंबर हा हबशी मुलगा कित्येकदा विकला जाऊन अहमदनगरच्या निजामशाहीत आला आणि तिचा कारभारी झाला, हे आपण शाळेत शिकलो. पण एक अंबर वजीर झाला तर किती अंबर विस्मृतीत गेले? पोर्तुगीज गोव्यात मोझांबिकहून आणलेली माणसे विकली जात. पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. ती खते लिहिणारे हातही सकाळी देवपूजा करीतच होते. हिंदुस्थानात कायद्याने गुलामगिरीची मान्यता काढून घेतली ती १८४३ मध्ये.

आणि चोखोबा? १३३८ साली मंगळवेढ्याच्या कुसवाखाली सापडून ते गेले. महाद्वारापुढे त्यांची समाधी आहे. आपण तिच्यावर डोके ठेवतो. पण त्यांच्या बांधवांना देवळात जाता यावे म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. सहाशे नऊ वर्षे! न्यूटनला चाळीस लागली, आम्हांला सहाशे. त्या सहाशे वर्षांत नामाचा गजर एक दिवस तरी थांबला होता का? नाही. चोखोबांचे अभंग आपण आत उभे राहून गात होतो आणि त्यांची लेकरे बाहेर उभी होती. तेव्हा न्यूटनला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आजचे काय? ज्या साखरेपायी तो व्यापार वाढला ती साखर आज आपल्याकडेच पिकते. आमच्या वाचकांत ऊस लावणारे पुष्कळ आहेत. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायको गाव सोडतात, पालावर राहतात, पहाटेच्या थंडीत ऊस तोडतात. हिशेबात त्या दोघांना मिळून काय म्हणतात? 'एक कोयता'. ते गुलाम नव्हेत, कायद्याने स्वतंत्र आहेत. आम्ही बरोबरी करीत नाही. पण दोन माणसांचे नाव जाऊन हत्याराचे नाव येते, तेव्हा तो जुना 'नग' हा शब्द आमच्या कानांत वाजतो. उचल फिटली नाही म्हणून जो पुढल्या वर्षी बांधला जातो त्याला विचारावे, स्वतंत्र आहेस का? आणि द्वादशीच्या पारण्याला आपण गोड खातो तेव्हा तो घास कुणाच्या हातचा, हेही एकदा विचारावे.

वाखरीच्या त्या बाबांची पुन्हा गाठ पडली तर आम्ही त्यांस असे सांगू: बाबा, तुमच्या सावकाराचे नाम खोटे नव्हते आणि नाम कमीही पडले नाही. त्याने नामाला देव्हाऱ्याबाहेर येऊ दिले नाही, एवढेच. नाम दारात उभे होते, ओसरीवरच्या खतांकडे बघत होते. सावकाराला कधीतरी अनुताप झालाही असता, देव दयाळू आहे. पण तोवर ज्याची जमीन गेली त्याला कोण भरून देणार? म्हणून आपण देवाच्या दयेवर आपला हिशेब लांबणीवर टाकू नये.

यंदा वारीहून घरी गेल्यावर माळ खुंटीला अडकवण्याआधी एकदा आपली वही काढावी. कुणाची मजुरी अडली आहे, कुणाचे खत आपल्या पेटीत आहे, कुणाला आपण नावाऐवजी दुसऱ्याच कशाने हाक मारतो, ते पाहावे. वही एकट्याने पाहवत नसेल तर शेजारी 'रामकृष्णहरि' म्हणत बसावे. त्यासाठीच तर ते नाम आहे. आम्हीही आमची वही काढणार आहोत. ती कोरी नाही, हे आम्हांस ठाऊक आहे.